दादा, मोटर चालू आहे

दादा,

आपल्या घरात मोटर म्हणजे जळणारी वस्तू होती. मी बापाला, तुला, 'दादा' म्हणायला लागले तेव्हापासून हेच. तू भिवंडीत कामतघरला पॉवरलूमवर कामाला, मी तेव्हा प्राथमिक शाळेत. लाईटचा दाब वरखाली झाला, नाहीतर सुताची रुई मोटरच्या जाळीत अडकून ती तापली, की जळायची. तुला पैसे कापडाच्या मीटरवर. लूम थांबली की कापड थांबायचं, कापड थांबलं की आपलं घर. मोटर वाइंडिंगला, नवी तार भरायला, जायची आणि परत येईपर्यंत तू कारखान्याच्या दारात, न पेटवलेली बिडी तोंडात धरून बसून राहायचास. संध्याकाळी तू घरात शिरलास की आई आधी तुझ्या शर्टाचा वास घ्यायची. जळलेल्या व्हार्निशचा वास आला की काही विचारायची नाही. आत जाऊन डाळीत तांब्याभर पाणी ओतायची. मला तर बरीच वर्षं वाटायचं, पातळ डाळीला तसाच वास असतो.

म्हणून मी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगला जाते म्हटल्यावर तू माझ्याकडे बघतच राहिलास.

"जलनाऱ्या वस्तूचं शिक्षन घेतंस?"

"जळू नये म्हणून घेते."

"मंग घे," म्हणालास. एवढ्यावर आपलं करिअर काउन्सेलिंग संपलं.

आपल्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. हे मी ताठ मानेनं सांगते, लाजत नाही. तू तर टेमघरच्या नाक्यावर चहा प्यायला थांबलेल्या अनोळखी ट्रकवाल्यालाही सांगायचास. त्या बिचाऱ्याला गोडाऊनचा पत्ता हवा असायचा आणि तू त्याला माझे मार्क सांगायचास.

तू जाऊन आता महिना उलटलाय. लोक येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. किती शांत माणूस होता, म्हणतात. मी आणि आई एकमेकींकडे बघतो. तू शांत? वर्षभर आपण दोघं एकाच विषयावर भांडत होतो आणि भांडण अजून मिटलेलं नाही. तू मध्येच उठून गेलास. मग मी काय करू, माझी बाजू इथं लिहिते. तुझी बाजू तर अख्ख्या खाडीला पाठ आहे.

विषय आपली होडी.

आजोबांनी बांधलेली ती शिडाची होडी तू लूमवर गेलास तरी विकली नाहीस. कौलं, विटा, गवत वाहायचे दिवस संपले होते, पण होडीला एक काम उरलं होतं. सगुणाआत्याला माहेरी आणायचं. तुझी एकुलती एक बहीण, दिलेली पाणजूला, वसईच्या खाडीतल्या बेटावर. आजोबांनी लग्नात शब्द दिला होता म्हणे, की पोरीला पाण्यातून पाठवतोय तर सणाला पाण्यातूनच आणू. तो शब्द तुझ्याकडे आला. दर गौरीला तू होडी घेऊन जायचास, मागच्या बाजूला ते डिझेलचं इंजिन बसवून, आणि आत्या नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, पाय सोडून राणीसारखी यायची.

मग ते खाडीवरच्या पुलाखालचं झालं. मी सहावीत होते, होडीतच होते. पुलाखाली शीड चालत नाही. डोलकाठी आडवी करावी लागते आणि तेवढ्या पट्ट्यात सगळा भार इंजिनावर. नेमकं तिथं ते खोकलं आणि मेलं. तू हँडल मारत राहिलास, खांबांमधल्या पाण्यानं आपल्याला आडवं केलं आणि नाळेची फळी खांबावर फुटली. आत्याची करंज्यांची टोपली वाहून गेली. माणसं वाचली. घरी आल्यावर तू होडी काठावर उपडी घातलीस. पुढच्या वर्षी आत्या तरीनं काठाला उतरून रिक्षानं आली आणि उतरता उतरता म्हणाली, "दादूस, रिक्षा पन बरी हाय रे." तिनं तुझं मन राखायला म्हटलं. तुला ते असं लागलं, की त्या दिवशी तू तिच्याशी जेवणापर्यंत बोलला नाहीस.

डिग्री घेऊन मी गोडाऊनमध्ये लागले. बॅटरीवर चालणाऱ्या, माल उचलणाऱ्या गाड्या सांभाळायचं काम. दिवसभर उचल, ठेव, मागे, पुढे, आणि मोटरीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते जोडणीत, वायरीत, माणसाच्या आळसात. तिथंच माझ्या डोक्यात होडी आली. होडीसाठीच बनवलेली एक इलेक्ट्रिक मोटर मागवली आणि तुझ्यासमोर ठेवली. तू तिच्याभोवती फिरलास. कोणी न विचारता घरात आणलेल्या जावयाभोवती फिरावं तसा.

"हिच्यात डिझेल कुठं?"

"नाही."

"फिल्टर?"

"नाही. हँडल नाही, पट्टा नाही. फिरणारी वस्तू जवळजवळ एकच. जेवढ्या वस्तू कमी, तेवढं बिघडणं कमी."

"आनि करंट संपला तं? डिझेल संपलं तं बाजूच्या होडीवाल्याकडं डबा मागता येतो. करंट कोन उसना देनार गो?"

"शीड आहे की."

"मंग शीडच बरं. मोटर कनाला?"

"पुलाखाली शीड उतरवतोस ना?"

तू मोटरच्या पंख्यावरून बोट फिरवलंस. मग हळूच विचारलंस, "म्हंजे ही फक्त पुलापुरती?"

"बंदरात लावताना, वारा पडला तेव्हा, आणि पुलाखाली. बाकी शीड. शीड उभं असताना पाण्याच्या ओढीनं पंखा आपोआप फिरतो आणि बॅटरी थोडी भरतेसुद्धा."

यावर तू नजीरचाचाला हाक मारलीस. नजीरचाचा, ज्यानं तुझ्या लूमच्या जळलेल्या मोटरी आयुष्यभर पुन्हा भरून दिल्या, आणि तरुणपणापासून तुझ्या होडीवर डोलकाठीजवळ जो बसला. "ऐकलास का नजीर? पंखा वाऱ्याला फिरवनार का वारा पंख्याला, तेच हिला ठरवता येत न्हाय!"

चाचा म्हणाला, "मुझे एकच टेन्शन है. न जळणारी मोटर आली तर मी खाऊ काय?"

पण उठता उठता तू अट घातलीस. "आत्याला हिच्यावर पुलाखालून आन. बंद न पडता. मंग मानीन."

बस. तेवढंच मला हवं होतं.

आता नारळाचं. दादा, हे मी सगळ्या खाडीसमोर परत एकदा सांगणार आहे, तू अडवायला नाहीस.

नारळी पौर्णिमेला आपण फुटकी फळी बदललेली होडी सजवून पाण्यात लोटली. अर्धा गाव काठावर. मी मोटरच्या कंट्रोलरचं झाकण उघडून पोरांना आत काय आहे ते दाखवत होते. आणि तू, लूमवाला माणूस, दसऱ्याला स्टार्टरच्या लोखंडी पेटीवर नारळ फोडायची आयुष्यभराची सवय, हळदकुंकू लावलंस, डोळे मिटून हात जोडलेस आणि नारळ फोडून तो अख्खा, श्रद्धेनं, उघड्या कंट्रोलरवर उपडा केलास.

मी "दादा!" म्हणून ओरडले. तू डोळे न उघडता "थांब, पूजा चाललीय," म्हणालास.

मोटर सुरू झाली, हे विशेष. काठापासून जरा लांब गेली आणि थांबली. काठावर अशी शांतता, की कुणाच्या तरी घरातला कुकर ऐकू आला. मग तू वल्हं उचललंस आणि तुझ्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की मला रडावं की हसावं कळेना. तुझ्या चेहऱ्यावर आनंद होता! जिंकल्याचा आनंद!

"पडली बंद!"

"तू नारळ पाजलास तिला!"

"समुद्राच्या मोटरला नारलाचं पानी सोसत न्हाय, आनि समुद्राचं सोसनार?"

नजीरचाचा तर डोलकाठीला मिठी मारून हसत होता. "अरे देवाला देतात तो नारळ, वायरिंगला नाही!"

त्या संध्याकाळपासून तू सगळ्यांना सांगायचास, मोटर पहिल्याच दिवशी बंद पडली. मी सांगायचे, नारळानं बंद पाडली. आजही माझं तेच म्हणणं आहे आणि मी त्यातून मागे हटणार नाही. पण तुझा मुद्दा मी अर्धा घेतला होता, हे तुला कधी सांगितलं नाही. नारळाचं पाणी जातं तिथं लाटेचंही जाणार. मी नवा कंट्रोलर बसवला, त्याला रबराची पट्टी लावलेली बंद पेटी केली, प्रत्येक जोडणीला ग्रीस, आणि बादलीनं पाणी ओतून बघितलं. मग, तुला म्हणून सांगते, एक नारळही फोडला. झाकण लावून. मोटर चालू राहिली.

पावसाळा सरल्यावर आपण तिघं रविवारी खाडीत जायला लागलो. ते रविवार मी कोणाला देणार नाही. शीड भरलं की तू एकदम आजोबांच्या वयाचा आणि माझ्या वयाचा, दोन्ही एकदम व्हायचास. सुकाणूवर दोन बोटं, तोंडात तीच न पेटवलेली बिडी. पण मोटर लावली की तुझी बेचैनी सुरू.

"चालू हाय ना?"

"चालू आहे."

"आवाज न्हाय."

"आवाज नसतोच तिला."

"आवाज न्हाय त्याचा भरवसा काय?"

हसू यायचं मला. नंतर लक्षात आलं. लूमच्या खडखडाटात तू उभं आयुष्य काढलंस. तिथं आवाज म्हणजे कापड, आवाज म्हणजे संध्याकाळची डाळ. लूम गप्प झाली म्हणजे संकट. अशा माणसाला मी गप्प मोटर दिली होती. मग तू वाकून तिच्यावर तळहात ठेवायचास, लूमच्या मोटरवर ठेवायचास तसा, तापलीय का बघायला. माझ्या कपाळावरही तू तसाच ठेवायचास, ताप आला की. थर्मामीटर घरात होता, पण तू हात लावल्याशिवाय आई औषध देत नसे. मोटरवर हात ठेवून तू थोडा वेळ थांबायचास, आणि काढताना न बोलता ओठ दुमडायचास. ते ओठ दुमडणं म्हणजे 'ठीक हाय' होतं की 'बगू पुढं', हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुलापर्यंत आपण कधी गेलो नाही. गौरीला पाऊस नडला, दिवाळीला आत्याचा गुडघा. मग होळीला नक्की ठरलं. होळीला उधाणाचं पाणी असतं, तू म्हणालास, खरी परीक्षा तेव्हाच. आणि होळीच्या आधीच तुझी छाती दुखली.

हॉस्पिटलात तुझ्या बोटाला क्लिप, छातीला वायरी. मी आत आले तेव्हा तू नर्सबाईंची उलटतपासणी घेत होतास.

"ही मशीन कनच्या लायनीवर हाय?"

"काका, झोपा ना."

"लाईट गेली तं? भिवंडीत लाईट जाते."

"आत बॅटरी आहे, काका. बंद नाही पडत."

"बॅटरी हाय?" तू माझ्याकडे बघितलंस, मग त्या मशीनकडे. "मंग ठीक."

दादा, तुला वाटलं असेल माझ्या लक्षात नाही आलं. मी ते माझ्या बाजूनं धरलंय. साक्षीदार नर्सबाई आहेत.

दोन दिवसांनी तू गेलास.

त्या दिवसाचं मी लिहीत नाही. तुझ्या कपाळावर मी हात ठेवला होता, एवढंच.

आपल्याकडे माणूस गेल्यावरचा पहिला सण दुखवट्याचा. गोडधोड नाही, रंग नाही, पण लेकीबाळी माहेरी येतात आणि घरातल्यांबरोबर बसून जेवतात. तुझा पहिला सण होळीच आला. आई म्हणाली, आत्याला गाडी पाठव. मी म्हटलं, गाडी नाही.

आईनं फडताळातून डबा काढून पुसला. मग म्हणाली, "नजीरभावजींना ने संगती. आनि डबा ने." म्हणजे परवानगी.

पहाटेच्या ओहोटीबरोबर आम्ही निघालो. जमिनीवरचा वारा हलकाच होता, पण पाणी आमच्याच बाजूचं. सुकाणूवर मी, डोलकाठीशी चाचा. तुझी जागा आम्ही रिकामी ठेवली नाही, तिथं डबा ठेवला. तुला आवडलं असतं. पुलाखाली डोलकाठी आडवी केली, मोटर लावली आणि ओहोटीनं आम्हाला आंब्याच्या कोयीसारखं पलीकडं फेकलं. चाचा म्हणाला, "हे काय इम्तिहान नाही. ये तो कॉपी करके पास."

पाणजूला आत्या काठावर उभी होती. होडी बघितल्यावर तिनं पदर तोंडात धरला. मग लगेच काढला आणि म्हणाली, "दादूसनं बिडी ठेवलीय का गो होडीत?" होती. मी दाखवली. ती रडली, आम्हीही, आणि मग तिनं सगळ्यांना घावण खायला बसवलं.

तिथंच घोटाळा झाला. भरतीबरोबर निघायचं, भरती संपायच्या आत पूल ओलांडायचा, असं ठरलं होतं. पण आत्याला सुकट बांधायची, पापड बांधायचे, शेजारणीला सांगायचं, कोंबड्यांचं बघायचं. मी घड्याळ दाखवते तर म्हणते, "माहेरी जातंय, ऑफिसात न्हाय!" निघालो तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. मागून वारा झकास, शीड गच्च भरलेलं, होडी पळत होती, पण पुलाशी आलो तेव्हा खांबांच्या अंगावर पाणी समोरून चढत होतं. ओहोटी लागली होती. उधाणाची ओहोटी. तुझी खरी परीक्षा.

चाचानं विचारलं, "थांबायचं? रात्रीच्या भरतीपर्यंत?"

मी आत्याकडे बघितलं. तिचे डोळे त्या खांबावर होते, ज्यावर होडीची नाळ फुटली होती. तिची बोटं सुकटीच्या पिशवीत रुतलेली. ती म्हणाली, "या पुलाला घाबरून मी रिक्षानं फिरली किती वर्षं. उतरव शीड."

शीड उतरलं, डोलकाठी आडवी झाली. मोटर मी पूर्ण वेगानं सोडली. होडी पुलाखाली शिरली आणि तिथं जणू अडकली. पाणी खांबांमधून तांबडं, जाड, दोरखंडासारखं येत होतं. कडेला भिंत, भिंतीला शेवाळाचा एक डाग. मी त्या डागावर नजर ठेवली. डाग हलत नव्हता. बॅटरीचा काटा मात्र खाली चालला होता. माझ्या तोंडाला पातळ डाळीची चव आली, खरंच सांगते.

सगळं एकदम गप्प. फक्त पाण्याचा आवाज. आणि आत्या म्हणाली, "चालू हाय ना गो?"

हुबेहूब तू.

मी वाकले आणि मोटरवर तळहात ठेवला. कोमट होती. अंगात काम चालू असलेल्या माणसासारखी, तापलेल्या नाही.

"चालू आहे, आत्या."

डाग हलला. आधी इतका थोडा, की मला वाटलं माझेच डोळे हलले. मग तो माझ्या खांद्यापाशी आला, मग पाठीमागे गेला, आणि ऊन अंगावर पडलं. चाचानं डोलकाठी उभी करता करता मोठ्यानं "या अल्ला" म्हटलं आणि आत्यानं "एकवीरा माऊली" म्हटलं. मला काहीच म्हणायला उरलं नाही, म्हणून मी मोटर बंद केली. शिडात वारा भरला. थोड्या वेळानं पंखा पाण्याच्या ओढीनं आपोआप फिरायला लागला आणि काटा केसभर वर सरकला. वारा पंख्याला फिरवत होता, दादा. ठरलं एकदाचं.

मी आत्याला म्हटलं, "आता तरी दादानं मानलं असतं ना?"

आत्या नाळेवर पाय सोडून बसली होती, जुन्या जागी. तिनं विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नाही. "न्हाय गो. दादूस म्हनला असता, पूलच लहान झालाय."

चाचा इतका हसला, की मला सुकाणू सोडून त्याला धरावं लागलं. दुखवट्याच्या सणाला एवढं हसू नये म्हणतात. घर येईपर्यंत आम्ही हसतच होतो. काठावर उभ्या असलेल्या आईनं ते ऐकलं, आणि होडी लागायच्या आधीच विचारलं, "काय झालं गो?" आत्यानं सांगितलं. मग आईही हसली, तू गेल्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता तिनं माझ्या शर्टाचा वास घेतला. खाऱ्या पाण्याचा होता.

तू मानलं असतंस की नाही, हे भांडण आपल्यात राहू दे. मला घाई नाही. आई आतापासूनच आत्याला विचारते, पुढच्या सणाला होडी कधी पाठवू, आणि चाचानं स्वतःहून मोटरच्या पेटीवर कुंकवाची एक बारीक टिकली लावलीय. झाकणावर. नारळ यापुढं नाळेवर फोडायचा, असं ठरलंय.

या होळीला सगुणाआत्या पाणजूहून भिवंडीला पाण्यातून माहेरी आली. उधाणाच्या ओहोटीत, पुलाखाली, समोरच्या पाण्याला मोटर पुरून उरली. ती बंद पडली नाही.